काळं घोंगडं कम्प्युटर घेत नाही म्हणे

अन्याय माझ्या थोरल्या मावशीवर झाला. दोन हजार सहा साली, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, तालुक्याच्या गावातल्या एका फोटो स्टुडिओत, माझ्या डोळ्यांदेखत. तिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न वैशाखात झालं होतं. त्या लग्नाच्या शूटिंगच्या दोन सीड्या आणायला आम्ही निंबर्ग्याहून सकाळच्या गाडीनं गेलो होतो. मावशीला उपास होता. स्टुडिओवाल्या अण्णांनी आम्हाला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसवलं, सीडी लावली. टीव्हीतली माणसं आपल्याला बघणार असल्यासारखा मावशीनं डोक्यावरचा पदर नीट केला.

आधी गुलाबाची फुलं गरगरली. मग नवरा-नवरीचे फोटो बदामात बसले. मग हळद, आणि हळदीवर सिनेमाचं गाणं. हळद संपली की एकदम दुसऱ्या दिवशीचा मांडव, अक्षता, पंगती. पंगतींवरही सिनेमाचंच गाणं. वाढणारी माणसं तोंड हलवत होती आणि आवाज बाईचा येत होता. दुसरी सीडी नवरीच्या बोळवणीवर संपली.

मावशी म्हणाली, "अण्णा, मधलं?"

"कुठलं मधलं?"

"घोंगडं. भंडारा." थोडं थांबून ती म्हणाली, "मी."

आमच्या घरातली रीत इथं सांगायला हवी. मेंढरं आमच्याकडून केव्हाच गेली. शेवटचा कळप आजोबांनी मी दुसरीत असताना विकला आणि घरातली माणसं दुसऱ्यांच्या तुरीच्या रानात रोजानं जाऊ लागली. पण लग्नाच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, नवरीच्या आईनं काळं घोंगडं अंथरायचं आणि त्यावर भंडाऱ्याची पहिली मूठ उधळायची, हे सुटलेलं नाही. भंडारा म्हणजे आमच्या देवाची हळद. घोंगड्यात एक तरी धागा आईनं स्वतः कातलेला लागतो. मावशीनं अख्खं घोंगडं कातलं. अजून मेंढरं राखणाऱ्या भावकीतून लोकर मागून आणली, वर्षभर टकळी फिरवली, सणगराकडून विणून घेतलं.

मावशीचा नवरा लेक पाळण्यात असतानाच गेला. लग्नात इतर कुठल्याही कामाला तिला कुणी पुढं बोलावत नाही. हळदीला ती भिंतीपाशी, अक्षतांना खांबामागं. घोंगडं मात्र तिच्याशिवाय अंथरलं जात नाही. तिथं आई सधवा आहे की विधवा हे कुणी विचारत नाही. सगळ्या लग्नात तिची म्हणून जागा तेवढीच, तीसेक मिनिटांची. तीच सीडीत नव्हती. म्हणजे लेकीच्या लग्नात मावशीच नव्हती.

अण्णा म्हणाले, "अक्का, त्ये कम्प्युटर घेईना. घोंगडं काळं, त्याच्यावर पिवळं उडायलंय. सॉफ्टवेअर अडकायलंय बघा. तीनदा केलो."

"घेईना व्हय," मावशी म्हणाली. मेंढी पिल्लाला घेईना, असं आमच्यात म्हणतात ना, तसं म्हणाली. म्हणजे कुणाचाच दोष नाही, त्या जनावराच्या मनाला आलं नाही, काय करणार.

माझं डोकं तिथंच फिरलं. मी तेव्हा गुलबर्ग्यात एका छोट्या संघटनेत काम करायची. काम म्हणजे पत्रकं लिहिणं, ती कन्नडात आणि मराठीत टाइप करणं, झेरॉक्स काढणं, बसस्टँडवर वाटणं. आणि 'कम्प्युटर घेईना' हे वाक्य मी त्या दोन वर्षांत इतक्या खिडक्यांवर ऐकलं होतं, की कम्प्युटर हे कुठल्यातरी मोठ्या साहेबाचं नाव आहे असं आमच्या म्हाताऱ्यांना वाटायला लागलं होतं. शिष्यवृत्तीचा अर्ज कम्प्युटर घेईना. रेशनकार्डात सुनेचं नाव कम्प्युटर घेईना. आधी माणूस नाही म्हणायचा आणि निदान त्याच्या तोंडाकडं बघून भांडता यायचं.

"कुठलं सॉफ्टवेअर?" मी विचारलं.

"नवीन हाय."

"नाव काय?"

"नाव इंग्लिशमधी हाय."

"मला इंग्लिश येतं."

"मग नावानं काय व्हणार हाय ताई? घेत न्हाई म्हणजे घेत न्हाई."

"मूळ कॅसेटी द्या."

अण्णांनी मान हलवली. कॅसेटी त्यांना लागतात. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होतो आणि त्याच कॅसेटींवर दुसऱ्यांची लग्नं घेतली जातात. आमच्याकडचे सगळे स्टुडिओ हेच करतात. आमच्या भागातल्या एकेका कॅसेटीवर चार-चार लग्नं एकाखाली एक पुरलेली आहेत. मी म्हणाले, "नाही दिलीत तर तुमच्या नावानं पत्रक काढीन." ते हसले. कपाटातून तीनातली मधली कॅसेट काढली, पुसली, माझ्या हातात दिली. "काढ की पत्रक. पण तुळशीच्या लग्नाच्या आत परत आणून दे. आमालाबी पोट हाय."

इतक्या सहज दिली. तेव्हा मला वाटलं, पत्रकाला भ्याले.

संघटनेची खोली एका डाळमिलच्या मागं होती. की-बोर्डावर तुरीच्या टरफलांची धूळ बसायची. तिथला एकुलता एक कम्प्युटर मला रविवारी आणि सुटीच्या दिवशी मोकळा मिळायचा. एका मैत्रिणीच्या वडिलांचं पूर्वी व्हिडिओ पार्लर होतं, त्यांच्याकडून व्हीसीआर आणला. कम्प्युटर क्लासच्या सरांकडून कॅसेट कम्प्युटरात उतरवायचं कार्ड आणलं. पिवळी, लाल, पांढरी वायर जोडली आणि मावशीचं घोंगडं आमच्या पत्रकांच्या शेजारी येऊन बसलं. चाळीस मिनिटांच्या आतलं चित्रण होतं सगळं.

आता हा व्हिडिओ दाबून लहान करायचा आणि तबकडीवर बसवायचा. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, हे मी कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका इंग्रजी मासिकात वाचलं. चार पानं, तक्ते, तारे. किती वेगानं काम करतं, मेनूचे किती नमुने देतं, नवख्याला किती सोपं. 'घरगुती वापरासाठी' असं वर मोठ्या अक्षरात होतं. कुणाच्या घरासाठी ते कुठंच नव्हतं. चाचणीला त्यांनी समुद्रकाठी खेळणारं एक पोर आणि वाढदिवसाचा केक घेतला होता.

मी चाचणीला चाळीस सेकंद घेतले. मावशीची मूठ उघडते, भंडारा वर जातो, काळ्या लोकरीवर पडतो, मागं ढोलवाला गिरकी घेतो. यापेक्षा अवघड चाळीस सेकंद त्या मासिकवाल्यांना सुचले नसते. कारण ही सॉफ्टवेअरं चित्राचे बारीक चौकोन पाडतात आणि जे चौकोन हलले नाहीत ते पुन्हा लिहीत नाहीत, जागा वाचवतात. भंडारा उडाला की सगळे चौकोन हलतात. शिवाय काळ्या रंगात बारकावे असतात हे त्यांना मुळी मान्यच नसतं. काळं म्हणजे काहीच नाही असं धरून ती पुढं जातात. अण्णांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. मी ते मान्य केलं नाही.

पहिलं सॉफ्टवेअर कार्डासोबत फुकट आलेलं. वेगाला एक नंबर. मासिकानं त्याला सगळ्यात जास्त तारे दिले होते. त्यात भंडाऱ्याचा पिठाच्या गोळ्यांसारखा चिखल झाला आणि मावशीच्या तोंडाचे सहा चौकोन. नाक एका चौकोनात, दोन्ही डोळे मिळून दुसऱ्यात.

दुसरं कंपनीचं, चाचणीपुरतं. चित्र बरं होतं. पण विकत घेतलं नाही तोवर ते प्रत्येक चित्राच्या मध्यावर इंग्रजीत 'चाचणी प्रत' असा शिक्का मारायचं. तो शिक्का बरोबर मावशीच्या कपाळावर यायचा. नवरा गेल्यापासून ज्या कपाळाला कुणी बोट लावलं नाही, तिथं त्या कंपनीनं न विचारता आपले शब्द गोंदले. त्याची चोरीची प्रत एका मित्रानं आणून दिली. तिच्यातून व्हायरस आला आणि वीजबिलाविरुद्धचं आमचं अख्खं पत्रक खाऊन गेला. संघटनेतल्या थोरल्या ताई म्हणाल्या, "तुझ्या मावशीच्या घोंगड्यापायी चळवळ बुडवतीस का गं?" मी म्हणाले, "ताई, हीबी चळवळच हाय." त्या म्हणाल्या, "मग पत्रक परत टाइप कर." केलं.

तिसरं सॉफ्टवेअर डीव्हीडी लिहिणाऱ्या ड्राइव्हच्या डब्यात आलेलं. ते काम दोनदा करतं. पहिल्या खेपेला नुसतं बघून घेतं, कुठं गर्दी आहे, कुठं शांत आहे. दुसऱ्या खेपेला लिहितं आणि गर्दीच्या ठिकाणी जास्त जागा देतं. मला हे पटलं. आमच्या भागात सर्व्हे करायला येणाऱ्यांनी हे शिकायला पाहिजे. वेळ मात्र सहा तास लागायचा आणि दिवसातून दोनदा वीज जायची. वीज गेली की पहिल्यापासून. मी तीन रविवार घालवले. त्याचे मेनू म्हणजे फुगे, कबुतरं, बदाम. मराठीत मावशीचं नाव टाकलं तर अक्षरांच्या जागी रिकामे डबे उमटले. म्हणून नाव गाळलं, एक साधा मेनू ठेवला आणि डीव्हीडी काढली. कम्प्युटरवर लावून बघितली. भंडाऱ्याचा कण न् कण वेगळा. घोंगड्याच्या कडेची पांढरी रेघ सरळ. मावशीचा आवाज, ढोलाचा आवाज, मागं कुणीतरी 'पोरं सरकवा गं' म्हणतंय तो आवाज, सगळं होतं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

ती डीव्हीडी घेऊन मी निंबर्ग्याला गेले. मावशीच्या घरी प्लेअर होता, गुलबर्ग्याच्या बाजारात मिळतो तसला, बिननावाचा. तबकडी आत गेली, घरघरली आणि छोट्या खिडकीत इंग्रजीत आलं, तबकडी नाही. परत घातली. तबकडी नाही. शेजारच्या घरी गेलो, मग त्यांच्या पलीकडच्या. गल्लीत चार प्लेअर होते, चारही सीडीचे. डीव्हीडी वाचणारा एकही नाही.

पत्रकं लिहिणारी मी, लोकांच्या घरात काय आहे हे न बघता लोकांसाठी डीव्हीडी करून आणली. त्या मासिकवाल्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला?

मावशी म्हणाली, "घेईना व्हय?"

तेच शब्द, तोच सूर. आणि वर माझीच समजूत घालायला लागली. "असू दे गं पोरी. मी होते, मला ठावं हाय. बास झालं."

मला बास झालं नव्हतं.

गुलबर्ग्याला परत येऊन आता साधी व्हिडिओ सीडी करायची ठरवली. तिथं खरा अडथळा होता. व्हिडिओ सीडीचा नियम जुना आणि ठाम आहे. एका सेकंदाला इतकीच माहिती, जास्त नाही. शांत चित्र असो की भंडारा, सगळ्यांना एकच माप. त्या मापात भंडाऱ्याचा चिखल होणारच. तिन्ही सॉफ्टवेअरांत मी माप वाढवायला गेले की बटण फिकट व्हायचं, दाबलंच जायचं नाही. नियमात बसत नाही.

चौथं सॉफ्टवेअर क्लासच्या सरांनी दाखवलं. कुणीतरी दूर बसून लोकांसाठी लिहिलेलं आणि फुकट वाटलेलं. दिसायला गरीब. ना फुगे, ना कबुतर, नुसत्या रिकाम्या चौकटी आणि त्यात आकडे भरायचे. मासिकात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. मी माप दुप्पट केलं. त्यानं एक ओळ दाखवली: हे नियमात बसत नाही, काही प्लेअर घेणार नाहीत, तरीही करू का?

मी 'हो' दाबलं. मला विचारणारं ते पहिलंच सॉफ्टवेअर होतं. बाकीच्यांनी माझ्या वतीनं आधीच ठरवून टाकलं होतं.

माप दुप्पट केल्यामुळं ऐंशी मिनिटांच्या सीडीवर चाळीसच मिनिटं मावली. घोंगडं पस्तीस मिनिटांत संपत होतं. मेनू काढून टाकला, कारण मेनूतला आकडा दाबायला रिमोट लागतो आणि मावशीच्या रिमोटचे सेल भिंतीवरच्या घड्याळात होते. सीडी आत घातली की थेट मावशी दिसली पाहिजे. मग पस्तीस मिनिटांचे सात तुकडे पाडले, एकापाठोपाठ चालणारे. वीज जाऊन आली की प्लेअर पहिल्यापासून सुरू होतो. तुकडे असले की 'पुढे'चं बटण दाबत दाबत होतो तिथं पोचता येतं. मासिकाच्या कुठल्याच तक्त्यात 'वीज गेल्यावर काय' असा रकाना नव्हता. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात गिऱ्हाइकांचे जुने प्लेअर पडून होते. दुकानदाराला विनंती करून मी एकेकात सीडी घालून बघितली. एक अडखळला. बाकीच्यांनी मुकाट घेतली.

आता मी पत्रक काढलं. मथळा: 'कम्प्युटर घेतंय! मग खोटं कोण बोलतंय?' खाली स्टुडिओचं नाव. दोनशे झेरॉक्स. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात कॅसेट, सीडी आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी अण्णांच्या दारात उभी राहिले.

त्यांनी सीडी लावली. खुर्ची पुढं ओढून बघितली. भंडारा उडाला तेव्हा त्यांची भुवई वर गेली. "लई बेस आलंय की! माप किती ठिवलीस?"

"दुप्पट."

"आणि प्लेअर घ्यायलाय?"

"घ्यायलाय. तुमच्या तोंडावर सांगते अण्णा, घ्यायलाय."

मग मी पत्रक पुढं केलं. त्यांनी ते सगळं वाचलं, दोन्ही भाषांतलं. घडी घातली. "बस," म्हणाले. "च्या सांगतो."

"चहा नको. उत्तर द्या."

"कम्प्युटर घेतंय हे मला ठावं हाय ताई. धा वर्सं हेच करायलोय. तुझ्या भनीचा फोन आल्ता."

कुठली बहीण, हे मला आधी कळलंच नाही.

"नवरीचा. म्हणली, अण्णा, घोंगड्याचं सगळं काढा. सासरची माणसं बघणार हायेत. मी म्हणलो, बाई, तुझी आई तेवढ्यातच हाय. ती म्हणली, म्हणूनच. मग आईला सांगू काय म्हणलो, तर म्हणली, कम्प्युटर घेईना म्हणून सांगा."

दोनशे पत्रकं माझ्या हातात तशीच होती. मग विचारलं, "मग मला कॅसेट दिलाव कामून?"

"तू मागितलीस म्हणून. हितं मूळ कॅसेट मागायला आजवर एकबी माणूस आला न्हाई. समदे सीडी घेत्यात, गोड मानून जात्यात."

मी पत्रक फाडायला लागले. अण्णांनी हात धरला. "फाडू नको की. पाठ कोरी हाय. मला ऑर्डरी लिवायला हुतील."

"खोटं तुम्हीही बोललात," मी म्हणाले.

"बोललो. तिच्या आईच्या तोंडावर खरं बोलून बघ तू, मग मला सांग."

गठ्ठा तिथंच ठेवून मी बाहेर पडले. माफी मागितली की नाही आठवत नाही. बहुतेक नाही. आता मागते.

बाहेर येऊन बहिणीला फोन लावला. तिचं सासर मूळ दुबलगुंडीचं, पण सगळं घर पुण्याकडं कारखान्यांच्या कामाला गेलेलं. नवराही तिकडंच कंपनीत. मी नमस्कार-चमत्कार केला नाही.

"आईला कापायला सांगितलीस?"

ती म्हणाली, "आईला न्हाई. त्या घोंगड्याला."

"घोंगड्यावर कोण उभं हाय?"

"हे बघ, तुला काय जातंय? तू पत्रकं काढतीस आणि घरी जाऊन झोपतीस. मला हितं नांदायचंय. खाली-वर चार बिऱ्हाडं हायेत, समदी येऊन सीडी बघत्यात. सासूबाई लग्नातच म्हणल्या, हे मेंढक्यांचं काय काढलाव म्हणून."

"त्यांच्या घरी काय हत्ती होते व्हय?"

"त्येंच्याबी घरी मेंढरंच होती."

"मग?"

"मग काय मग! म्हणून तर त्यास्नी नको वाटतंय."

मी हट्ट सोडला नाही. म्हणाले, "मी मावशीला कारण सांगणार नाही. पण दिवाळीला तू आलीस की सीडी लावणार. तुझ्या नवऱ्यासमोर लावणार." तिनं फोन ठेवला.

पहिला दिवाळसण. जावई आले. पाडव्याच्या दुपारी, वीज असायच्या पाळीत, मावशीच्या घरात सगळे जमलो. बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी, ना आत ना बाहेर. मावशीनं मला सीडी मागितली, देवापुढं ठेवली, हात जोडले आणि परत आणून दिली. मी प्लेअरात घातली. घरघर. खिडकीत आलं, तबकडी नाही.

परत घातली. तबकडी नाही.

दारातल्या बहिणीचे खांदे खाली आले, सुटका झाल्यासारखे. दुरुस्तीच्या दुकानात एवढ्या प्लेअरांनी घेतली, आणि ज्या घरासाठी केली तिथं घेईना?

"घेईना व्हय?" मावशी म्हणाली.

मी सीडी काढून उलटी केली. चकचकीत बाजूवर, अगदी मध्याजवळ, अंगठ्याएवढा पिवळा ठसा. मावशीनं पूजा करताना भंडारा लावला होता. ज्या बाजूला आपलं तोंड दिसतं तीच तबकडीची दर्शनी बाजू, असं धरून. छापील बाजूला लावला असता तर काही झालं नसतं. पण देवाच्या पाठीला कोण भंडारा लावतं?

मी ओढणीच्या टोकानं मधून कडेकडं पुसत आणलं. मावशी कळवळली. "देवाचं पुसायलीस का गं?"

"मावशे, भंडारा आतमधी हाय. वरनं नको."

या खेपेला प्लेअरनं घेतली. आणि फुलं नाहीत, बदाम नाहीत, गाणं नाही, एकदम मावशी. वाकलेली, घोंगड्याची घडी उलगडताना. मग टीव्हीतली मावशी सरळ झाली, मूठ वर केली आणि काळ्या घोंगड्यावर पिवळा भंडारा कणाकणानं उतरला.

खुर्चीवरची मावशी म्हणाली, "मी एवढी काळी हाय व्हय?"

सगळे हसले. मग ती हळूच म्हणाली, "होते की मी."

तिसऱ्या तुकड्यात वीज गेली. पंधरा मिनिटांनी आली. प्लेअर पहिल्यापासून सुरू झाला. मी 'पुढे' दोनदा दाबलं आणि बरोबर त्याच जागी पोचलो. ह्याला कुणी तारे दिले नाहीत.

जावई गुडघ्यांवर कोपर टेकून बघत होते. म्हणाले, "दुबलगुंडीला आमच्याकडं हाय असलंच घोंगडं. आई त्याला धान्याच्या पोत्यांवर टाकती." मग बायकोकडं वळून म्हणाले, "हे आपल्या सीडीत कामून न्हाई?"

मी तोंड उघडणार होते. वाक्य तयार होतं. कम्प्युटर घेईना, असंच म्हणणार होते मी, तिला वाचवायला. अण्णांना खोटारडं ठरवणारी मी.

बहिणीनं माझ्याआधी तोंड उघडलं. दारातूनच. "मी काढाय लावले. आई, मीच अण्णाला फोन केल्ते. कम्प्युटर-बिम्प्युटर काय न्हाई. मला लाज वाटली."

टीव्हीत ढोल चालू होता. मावशीनं लेकीकडं बघितलं. मला वाटलं रडेल, नाहीतर उठून जाईल. तिनं पदरानं तोंड पुसलं, पुढं झाली आणि 'पुढे'च्या शेजारचं 'मागे'चं बटण दाबत राहिली, पहिल्या तुकड्यापर्यंत. ती बटणं तिनं तेवढ्या वेळात माझ्याकडं बघून शिकून घेतली होती. मग कोपऱ्यातल्या ट्रंकेतून तेच घोंगडं काढलं, टीव्हीसमोर अंथरलं आणि लेकीला म्हणाली,

"मंग आता बस हितं. पयल्यापासनं बघ."

बहीण बसली. सगळं बघितलं. मधे पुन्हा वीज गेली तेव्हाही उठली नाही, बंद टीव्हीपुढं तशीच बसून राहिली. जाताना सीडी मागून नेली. पुण्याला चार बिऱ्हाडांना दाखवली की नाही, मी विचारलेलं नाही. तेवढं तिचं तिच्यावर सोडलं.

तुमच्यावर मात्र काही सोडणार नाही. तुमच्या घरातही लग्नाची सीडी आहे. या आठवड्यात ती काढा, गाण्यांकडं दुर्लक्ष करा आणि शेवटपर्यंत बघा. कोण नाही ते मोजा. भिंतीपाशी उभी राहिलेली, काळ्या कातडीची, जुन्या रितीची, जिच्यामुळं चित्र 'खराब' दिसतं ती. सापडली नाही तर स्टुडिओत जा आणि मूळ कॅसेट मागा. त्यांनी 'कम्प्युटर घेत नाही' म्हटलं तर विचारा, कुठलं सॉफ्टवेअर, लावून दाखवा. आणि कापायला तुम्हीच सांगितलं असेल, तर दुसऱ्या कुणाला पाठवू नका. स्वतः जा. तुळशीच्या लग्नाच्या आत जा. त्यानंतर त्या कॅसेटीवर दुसऱ्याचं लग्न असेल.